राहायचं वाइलला, नोकरी बासेलला: आधी कुठला कागद?

प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत वाइल आम राइन या गावात राहते आणि शेजारच्या लोराखला इंजिनिअर आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, नोकरीला लागून तिला २२ महिने झाले, जर्मनची बी-१ परीक्षाही पास झाली. आता सीमेपलीकडच्या बासेलमधल्या, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या, कंपनीनं तिला बोलावलंय. पगार बराच जास्त आहे. घर बदलायचं नाही, कारण वाइलहून आठ नंबरची ट्राम थेट बासेलला जाते. कंपनी म्हणते महिन्याभरात रुजू व्हा. जावई म्हणतात, "शेंगेन आहे, म्हणजे आपसांतल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेला देशांचा गट, पासपोर्टसुद्धा कुणी बघत नाही, राजीनामा देऊन मोकळी हो." मला मात्र रात्री झोप लागत नाही. तिनं राजीनामा द्यावा का?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, आज तरी देऊ नये. तुमचं पत्र वाचून मी तशीच उठले आणि कपाटातून भाच्याची फाइल काढली, कारण हेच सगळं आमच्या घरात २०१८ साली घडलंय.

भाचा लोराखला राहायचा, ब्लू कार्डवर. एका रात्री त्याचा फोन आला, "मावशी, राजीनामा दिला, पुढच्या महिन्यापासून बासेल." त्याच्या हातात नव्या कंपनीची फक्त ईमेल होती. ज्या बाईंनी त्याची निवड केली, त्यांनी त्याला परवाना 'होऊन जाईल' असं सांगितलं होतं. तो झाला नाही. त्याच्याकडे जर्मनीचा मुदतीचाच परवाना होता आणि स्विस नियमाला तो पुरत नाही. जुनी नोकरी गेली, नवी हाती आली नाही, आणि ब्लू कार्ड तर नोकरीवरच उभं. कशीबशी त्याला जर्मनीत दुसरी नोकरी लागली, पण तोवर माझी बहीण इथं पाचपाखाडीत देवापाशी बसून होती. तुमची झोप का उडाली ते मला सांगायला नको.

जावईबापूंचं एक खरं आहे. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, ट्राममध्ये पासपोर्ट सहसा कुणी मागत नाही. भाच्याकडे गेले होते तेव्हा त्याच आठ नंबरनं मी हिंडले आहे. वाइलच्या थांब्यावर बासेलच्या बायका पिशव्या भरभरून चढत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात हिरवी चिठ्ठी. जर्मन दुकानातल्या खरेदीवरचा कर परत मिळवायला कस्टमचा शिक्का मारलेली ती चिठ्ठी. म्हणजे सामानाला शिक्का लागतो, माणसाला लागत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, इथं सीमा उरलीच नाही. पण ताई, दार उघडं आहे म्हणजे आपलं पान वाढलंय असं होत नाही. ये-जा करण्याची मुभा वेगळी, काम करण्याची वेगळी.

सीमेपलीकडून कामाला येणाऱ्यांसाठी स्विस 'जी' परवाना असतो. जर्मन किंवा फ्रेंच नागरिकाला तो सहज मिळतो आणि नोकरीचा करार वर्षापेक्षा मोठा असेल तर पाच वर्षांचा मिळतो. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना अटी निराळ्या. एक, शेजारच्या देशात कायम वास्तव्याचा हक्क हवा. दोन, तिथल्या सीमाभागात निदान सहा महिने राहिलेलं असावं. तीन, नोकरीही स्विस सीमाभागातच हवी. तुमच्या लेकीची दुसरी आणि तिसरी अट पुरी होते, अडतं ते पहिलीपाशी. भाच्याचंही तिथंच अडलं होतं.

पण तिचं नशीब भाच्यापेक्षा चांगलं आहे, आणि ते तिनं बी-१ पास होऊन स्वतःच घडवलंय. जर्मनीत आता ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मिळतं, आणि बी-१ असेल तर २१ महिन्यांनी! तिचे २२ झालेत. मात्र महिने मोजताना नोकरी करून पेन्शन निधीत हप्ते भरले गेले तेवढेच धरायचे. पगाराच्या चिठ्ठ्या काढून तिनं एकेक महिना ताडून पाहावा. मधे खाडा नसेल तर उद्याच अर्ज करावा, आणि कायम वास्तव्याचं कार्ड हातात पडेपर्यंत लोराखची नोकरी सोडू नये. अर्ज केलाय एवढ्यावर राजीनामा नको.

मग बासेलच्या कंपनीनं तिथल्या कॅन्टनकडे, म्हणजे राज्य सरकारकडे, तिच्यासाठी अर्ज करायचा. या परवान्याला वार्षिक कोटा लागू नाही, हा मोठा दिलासा. पण त्या जागेसाठी स्विस किंवा युरोपीय संघातला योग्य माणूस मिळाला नाही हे कंपनीला दाखवावं लागतं आणि पगार तिथल्या दरानं द्यावा लागतो. पहिला परवाना साधारण वर्षाचा असतो आणि कॅन्टनच्या सीमाभागापुरता. झुरिकला बदली झाली तर तो चालेल असं गृहीत धरू नका. नोकरी बदलतानाही परत परवानगी लागते.

आता घरी परतण्याबद्दल, कारण इथं दोन नियमांची गल्लत होते. परवान्यासाठी आठवड्यातून एकदा वाइलच्या घरी आली तरी भागतं. कराचा नियम कडक आहे. कामामुळे वर्षात ६० हून जास्त रात्री घरी परतता आलं नाही, तर सीमेवरचा कामगार म्हणून मिळणारी करसवलत जाते. ती सवलत अशी की, जर्मन कर कार्यालयाचा 'ग्रे-१' हा रहिवासाचा दाखला मालकाला दिला, तर स्वित्झर्लंडमध्ये पगारातून जास्तीत जास्त ४.५ टक्के कर कापतात. उरलेला हिशोब जर्मनीत, आणि तिथं कापलेला कर वळता होतो. ऑफर लेटरमधला आकडा बघून हुरळून न जाता तिनं जर्मन कर लावून हातात येणारी रक्कम काढावी.

कुणी तिला जर्मन नागरिकत्व घेऊन टाक म्हणेल. जर्मनीची हरकत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आपला पासपोर्ट परत करावा लागतो. ते सावकाश, घरच्यांशी बोलून ठरवायचं. या नोकरीसाठी त्याची गरज नाही.

महिन्याभराची घाई कंपनीला आहे, तुमच्या लेकीला नाही. तिनं आजच त्यांना लिहावं: "मी कायम वास्तव्यासाठी अर्ज करत आहे, ते मिळाल्यावर तुम्ही माझ्या परवान्यासाठी अर्ज करा, रुजू होण्याची तारीख परवाना आल्यावर ठरवू." भाच्यानं हेच पत्र नंतर, दुसऱ्या वेळी लिहिलं होतं. कंपनी पाच महिने थांबली.