भाव गोरा नसतो, रास्त असतो

‘फेअर’ या एवढ्याशा विशेषणावर इतक्या वेळा तेच विचारलं जातंय, की आज सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन मोकळी होते.

प्र. बसचं भाडं म्हणजे ‘फेअर’च ना? – परळ

उच्चार तोच, शब्द निराळा. भाड्याचं स्पेलिंग एफ-ए-आर-ई.

प्र. आईच्या डिस्चार्ज कार्डावर ‘जनरल कंडिशन फेअर’ असं लिहिलंय. शेजारच्या काकू म्हणतात, म्हणजे तब्येत उत्तम. पण आईला अजून धाप लागते. – लालबाग

उत्तम नव्हे, बरी. प्रगतिपुस्तकात ‘गुड’च्या खाली नि ‘पुअर’च्या वर असतो ना शेरा, तोच. पण धाप लागत असताना मला कसलं विचारता? आजच डॉक्टरांकडे न्या. काकूंना नंतर चहाला बोलवा.

प्र. भाड्याचं घर सोडलं. ‘फेअर वेअर अँड टेअर’ वगळता घर होतं तसं परत द्यावं, असं करारात आहे. एजंट म्हणतो, फेअर म्हणजे भिंती पांढऱ्याशुभ्र करून द्यायच्या. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. – बोरिवली

एजंटाचं इंग्रजी ब्रोकरेजपुरतं असतं. इथे फेअर म्हणजे वाजवी. माणसं राहिली की घर झिजणारच: उन्हाने रंग विटतो, नळाचा वॉशर जातो, कडी सैल होते. ही झीज वगळलेली आहे, म्हणजे तिची भरपाई तुमच्याकडे नाही. बेसिन फोडलं, पोराने भिंतभर क्रेयॉनने लोकल काढली, तर ती मात्र झीज नव्हे. तिथे खिशात हात घालावा लागेल.

रेशनच्या दुकानाची पाटी आठवा. ‘फेअर प्राइस शॉप’, खाली मराठीत रास्त भाव दुकान. तिथे कोणी गोरा भाव मागतं का?

तरीही एवढ्यावर एजंटाशी भांडायला जाऊ नका. रंगाचं वेगळं कलम पुढच्या पानावर असू शकतं, आणि मी तुमचा करार पाहिलेला नाही. अख्खा कागद वकिलाला दाखवा. नोंदणी झाली होती का, तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिने कागद कपाटात ठेवायचा नि किल्ली दिल्यावर अर्थ विचारायचा! सही करण्याआधी विचारलं असतं तर?

प्र. मुलीच्या बायोडेटात ‘गव्हाळ’ऐवजी ‘फेअर’ लिहा, असं वधूवर मंडळातून सांगतात. लिहावं का? – मुलुंड

नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सुंदर’ या अर्थाचा. गोरेपण त्याला मागाहून चिकटलं. क्रीमवाल्यांनी वर्षानुवर्षं त्यावर ट्यूबा खपवल्या आणि २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. आतली क्रीम विकणं काही थांबलं नाही, ते सोडा. पण खुद्द कंपनीला नकोसा झालेला शब्द मंडळाला अजून हवाय! माझ्या मते रंगाचा रकानाच गाळा. मुलीला विचारलंत का? आधी तिला विचारा.

प्र. माउंट मेरीच्या जत्रेला ‘फेअर’ म्हणतात, ते ती सुंदर असते म्हणून का? – वांद्रे

नाही. ते नाम आहे, लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेलं. या विशेषणाशी त्याचं नातं नाही.