स्तनाचा कॅन्सर असल्याचं नुकतंच कळलं. आधार आणि खात्रीची माहिती कुठे शोधू?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांपूर्वी बायोप्सीचा रिपोर्ट आला, घरचे सगळे 'धीर धर' म्हणतात आणि रात्री ते झोपले की तुम्ही फोनवर वाचत बसता. सहा वर्षांपूर्वी मीही अशीच बसायचे. तेव्हा मी ४४ वर्षांची होते. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं. हार्मोनची गोळी अजून रोज चालू आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठला उपचार घ्या हे सांगणार नाही. मदत कुठे मिळाली आणि कुठे माझी झोप उगाच गेली, तेवढं सांगते.

आधी त्या रात्रीच्या वाचनाबद्दल. पहिल्या दोन आठवड्यांत मी जे वाचलं, त्यातलं निम्म्याहून अधिक माझ्या आजाराबद्दल नव्हतंच. स्तनाचा कॅन्सर हे नाव एक, पण त्याखाली बरेच वेगवेगळे आजार येतात. तुमचा कुठला, हे मुख्यतः तीन शब्दांवरून कळतं: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिले दोन सांगतात की गाठीच्या पेशी शरीरातल्या हार्मोनवर वाढतात का, आणि तिसरा एका प्रथिनाचं प्रमाण सांगतो. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. प्रत्येकाचे उपचार वेगळे, पुढचा अंदाजही वेगळा. मी रात्री दोन वाजता हर-टू पॉझिटिव्हबद्दल वाचून हादरले होते. माझा तो प्रकार नव्हता, आणि तो मजकूरही फार जुना होता. त्या प्रकारावरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि त्यानंतर त्या पेशंटचं चित्र खूप बदललं. म्हणून काहीही वाचाल तर ते कधी लिहिलंय ते आधी बघा.

हे तीन शब्द बायोप्सीच्या पहिल्या कागदावर बहुतेक वेळा नसतात, मागाहून येतात. हर-टूपुढे '२+' असं, म्हणजे धड पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही, आलं तर फिश नावाची आणखी एक तपासणी करतात, त्यात अजून दिवस जातात. माझं तेच झालं, आणि डॉक्टर काहीतरी लपवताहेत असं वाटून मी खूप रडले. कोणी लपवत नव्हतं, रिपोर्ट खरंच तयार व्हायचा होता. ग्रेड आणि स्टेज यांचीही गल्लत करू नका. ग्रेड म्हणजे त्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय. ग्रेड तीन वाचून 'तिसरी स्टेज' समजणाऱ्या बायका मला कितीतरी भेटल्या आहेत.

डॉक्टरांकडे जाताना सोबत अशी व्यक्ती न्या जी शांतपणे लिहून घेईल. माझ्यासोबत बहीण यायची. घरी आल्यावर तिच्या वहीत अशा गोष्टी सापडायच्या, ज्या मी समोर बसूनही ऐकल्या नव्हत्या. बोलणं रेकॉर्ड करू का, हेही विचारा. प्रश्न कागदावर न्या: किमो आधी की ऑपरेशन आधी, आणि का? स्तन वाचवता येईल का? पूर्ण स्तन काढला म्हणजे जास्त सुरक्षित, असं मी धरूनच चालले होते. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासाचे २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांची गाठ तेवढीच काढून रेडिएशन देता येण्यासारखी होती, त्यांच्या जगण्याच्या शक्यतेत पूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षा फरक पडला नव्हता. प्रत्येकीला ते लागू होत नाही, पण विचारायलाच हवं.

दोन प्रश्न उपचार सुरू व्हायच्या आत विचारा. पुढे मूल हवं असेल तर बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याबद्दल किमोच्या आधीच बोलावं लागतं, नंतर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि वय कमी असेल किंवा घरात आणखी कुणाला स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए या आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. त्याचा संबंध तुमच्या बहिणींशी आणि मुलींशी येतो, तसाच भावांशी आणि मुलांशीही येतो.

दुसरं मत घ्यायला संकोचू नका. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागतेच असं नाही. पहिल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि गाठीच्या तुकड्याचा मेणात जपलेला ब्लॉक मागून घेऊन दुसरीकडे तपासता येतो. त्यात थोडे दिवस जातील, ते परवडतील का हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बहुतेकींना तेवढा वेळ असतो. तो नसेल तर ते स्पष्ट सांगतील.

आता माणसांबद्दल. हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग असतो हे मला चौथ्या महिन्यात कळलं, याची अजून चुटपुट लागते. बिलाच्या खिडकीशेजारचंच दार होतं ते. तिथल्या बाईंनी पैशांसाठी कुठे अर्ज करायचा, विम्याची मंजुरी आधी कशी घ्यायची, कामावर रजा मागताना कुठला कागद लागतो, हे सगळं एका बैठकीत समजावलं. समुपदेशकाकडेही त्यांनीच पाठवलं. बऱ्याच ठिकाणी एक साधी पट्टी दाखवून 'गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ० ते १० मध्ये सांगा' असं विचारतात. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढे कुणाशी बोलायची गरज आहे असं मानतात. मी ८ सांगितलं होतं. कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन आकडा सांगा. झोप सलग उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सांगा.

आणि आधारगट. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या तेरेस लॅसर स्वतःच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात जाऊन नुकतंच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. 'रीच टू रिकव्हरी' हे काम तिथून उभं राहिलं आणि पुढे अनेक देशांत पोचलं. मला त्यातलं मर्म पटतं: जी या वाटेवर तुमच्यापेक्षा थोडीच पुढे गेलीय, ती सर्वांत उपयोगी. मला माझ्याच प्रकारची, माझ्या आठ महिने आधी किमो झालेली एकजण भेटली. केस कुठल्या आठवड्यात गळतील, ऑपरेशननंतर काखेत ठेवलेली नळी काढताना किती दुखतं, हे तिने सरळ सांगितलं. त्याआधीच्या गटात मात्र सगळा वेळ आजार उलटल्याच्याच कहाण्या चालायच्या. तिथे दोनदा गेले आणि थांबले. न मानवणारा गट सोडायचा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. गटात कुणी काही विकत असेल किंवा 'किमो सोडा' म्हणत असेल, तर तिथून लगेच उठा. कुठलाही काढा वा चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काहींचा औषधांशी खटका उडतो.

गटात गेल्याने आयुष्य वाढतं असंही कुणी सांगेल. १९८९ च्या एका छोट्या अभ्यासात तसं दिसलं होतं. पण २००१ मध्ये आजार पसरलेल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाची घालमेल आणि दुखण्याची जाणीव मात्र कमी झाली, जास्त त्रासात असलेल्या बायकांमध्ये विशेष. मला तेवढंही पुष्कळ वाटतं. आणि खचलात म्हणून आजार वाढेल, हे ओझं कृपा करून डोक्यावर घेऊ नका.

घरच्यांना 'धीर'ऐवजी कामं द्या. तपासण्यांची फाइल एकाकडे, नातेवाइकांना खबर देणं दुसऱ्याकडे. माझ्या नवऱ्याला बोलायला कुणीच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तुमच्या माणसांसाठीही कुणी शोधा.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी काढल्या तर हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, तर लगेच दाखवा. सूज लवकर धरली तर आटोक्यात राहते.

उद्या फोन करून दोनच गोष्टी विचारा: रिपोर्टची पूर्ण प्रत कधी मिळेल, आणि समाजसेवा विभाग कुठल्या मजल्यावर आहे. तीन शब्द हातात आले की इथेच खाली लिहा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर त्या गोळीबद्दल मी बोलेन. दुसरा प्रकार असेल तर माझ्या गटात त्यातून गेलेल्या दोघी आहेत, त्यांना विचारून तुमची गाठ घालून देते.