फिल्टरचा गुणांक ठरवण्याआधी काल-स्थिरांक ठरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दाबाच्या ४ ते २० मिलिॲम्पिअर सिग्नलसाठी लिहिलेला, ०.१ गुणांकाचा लो-पास फिल्टर (संथ बदल पुढे जाऊ देणारा आणि वेगवान चढउतार दाबणारा) एका पीएलसीवर (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर) नीट चालला, पण तोच प्रोग्रॅम दुसऱ्या पीएलसीवर टाकताच वाचन फार संथ झाले. शिवाय हाय-पास फिल्टर (उलट, वेगवान बदलच पुढे जाऊ देणारा) नेमका कुठे वापरायचा, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

सूत्र आपण बरोबर लिहिले आहे: नवी किंमत = जुनी किंमत + गुणांक × (ताजे वाचन − जुनी किंमत). अडचण अशी आहे, की स्कॅन टाइम (पीएलसीला प्रोग्रॅम एकदा पूर्ण चालवायला लागणारा वेळ) सांगितल्याशिवाय त्या ०.१ ला काहीच अर्थ नसतो. काल-स्थिरांक म्हणजे फिल्टर किती संथपणे प्रतिसाद देतो ते सांगणारा वेळ. गुणांक म्हणजे स्कॅन टाइम भागिले (काल-स्थिरांक + स्कॅन टाइम), म्हणून ०.१ घेतल्यास काल-स्थिरांक स्कॅन टाइमच्या ९ पट येतो, म्हणजे १० मिलिसेकंदांच्या स्कॅनला ९० मिलिसेकंद आणि १०० मिलिसेकंदांच्या स्कॅनला ९०० मिलिसेकंद. त्यामुळे प्रक्रियेला किती विलंब चालेल ते पाहून आधी काल-स्थिरांक ठरवावा, गुणांक प्रोग्रॅमलाच काढू द्यावा, आणि हा ब्लॉक मुख्य चक्रात न ठेवता ठरावीक अंतराने चालणाऱ्या सायक्लिक टास्कमध्ये ठेवावा. सिग्नल अचानक बदलल्यास एका काल-स्थिरांकात आउटपुट त्या बदलाच्या ६३ टक्के आणि तीन काल-स्थिरांकांत ९५ टक्के अंतर कापते. कटऑफ वारंवारता (जिच्याहून वेगवान चढउतार फिल्टर ठळकपणे दाबतो ती) १ ÷ (२π × काल-स्थिरांक) इतकी असते. २ सेकंदांसाठी ती सुमारे ०.०८ हर्ट्झ येते.

गणित रियल (दशांश) प्रकारातच करावे. इंटिजरमध्ये (पूर्णांकांत) गुणांक ०.०५ असताना फरक २० काउंटपेक्षा (कच्च्या वाचनाच्या एककांपेक्षा) कमी झाला की गुणाकार १ च्या खाली जातो, अपूर्णांक छाटला जातो आणि आउटपुट खऱ्या किमतीच्या अलीकडेच अडकून पडते. पहिल्या स्कॅनला जुन्या किमतीत ताजे वाचन भरावे, अन्यथा फिल्टर शून्यापासून चढत जाईल. तार तुटल्याचे वाचन तर फिल्टरमध्ये जाऊच देऊ नये.

प्रोग्रॅममधला फिल्टर ज्यावर काहीही करू शकत नाही असा एक दोष आहे, आणि माझ्या मते त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे १० हर्ट्झने, वाचन घेताना वीजपुरवठ्याची गुणगुण ५०.१ हर्ट्झ असेल, तर ती नमुन्यांमध्ये ०.१ हर्ट्झची, दर १० सेकंदांनी वरखाली होणारी लाट बनून दिसते. ही लाट २ सेकंदांच्या फिल्टरमधून निम्म्याहून अधिक पार होते, आणि दाबच खरोखर हलतो आहे असे वाटून माणूस काल-स्थिरांक वाढवत बसतो. तिचा बंदोबस्त नमुना घेण्याआधीच करावा लागतो. त्यासाठी ॲनालॉग इनपुट मॉड्यूलमधील ५० हर्ट्झ दमनाची सेटिंग (जिथे पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तिथे ६०) निवडावी. एखाद-दुसऱ्या वाचनापुरत्या उसळ्या येत असतील, तर लो-पासऐवजी तीन किंवा पाच वाचनांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे वाचन) घ्यावा.

हाय-पाससाठी वेगळा ब्लॉक लिहिण्याची गरज नाही: ताज्या वाचनातून लो-पासचे आउटपुट वजा केले, की उरतो तो हाय-पास. संथ सरक त्यात जवळजवळ नाहीशी होते आणि अचानक झालेला बदल उठून दिसतो, म्हणून दिवसभरात दाब हळूहळू बदलत असला तरी नळी फुटल्यावर होणारी एकदम घट त्याने पकडता येते. मात्र ती घट कायम राहिली तरी हाय-पासचे आउटपुट एका काल-स्थिरांकात ३७ टक्क्यांवर उतरते आणि पुढे विरत जाते, त्यामुळे इशारा लॅच करून (स्वतःहून विझू न देता धरून) ठेवणे आवश्यक आहे. पीआयडीमधील (मोजलेली किंमत ठरवलेल्या किमतीवर ठेवणाऱ्या नियंत्रकातील) डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या दराचे) पदही वेगवान बदलांना असेच मोठे करते; म्हणूनच त्याला स्वतःचा छोटा लो-पास जोडलेला असतो.

शेवटी, गाळलेले वाचन पीआयडीला देताना फिल्टरचा विलंब लूपमध्येच (मोजमाप ते नियंत्रण या चक्रातच) जमा होतो हे लक्षात घ्यावे: काल-स्थिरांक प्रक्रियेच्या गतीच्या जवळ गेला, तर स्थिर लूपही डोलू लागतो. स्क्रीनवरचा आकडा शांत दिसावा एवढाच हेतू असेल, तर स्क्रीनसाठी स्वतंत्र, जड फिल्टर ठेवावा, आणि अतिदाबाचा ट्रिप (यंत्रणा आपोआप बंद करणारे संरक्षण) शक्यतो कच्च्या सिग्नलवरून, फार तर अगदी लहान काल-स्थिरांकाच्या सिग्नलवरून घ्यावा.