पणजीची माळ आटवू का?

प्रश्न : लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. माझ्या पणजीची पुतळ्यांची माळ तिच्या गळ्यात पडावी असं फार वाटतं, पण दोन पुतळ्यांच्या कड्या तुटल्यात. जाऊबाई म्हणतात, आटवून नवा हार करा, जुना दागिना ऐन वेळी दगा देतो. इंग्लंडच्या राणीचा मुकुटही लग्नाच्या दिवशीच मोडला होता. खरं का हे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, खरं आहे. २० नोव्हेंबर १९४७ची गोष्ट. एलिझाबेथ तेव्हा राजकन्या होती. तयारी चालू असतानाच मुकुटाची चौकट तुटली. जवाहिऱ्यांचा माणूस हाताशी होता, त्याला पोलीस सोबत देऊन कारखान्यात धाडलं. जोडून आणलेला तोच मुकुट घालून ती लग्नाला गेली. त्या दिवसाचे फोटो मिळाले तर मुकुटाच्या मधल्या उभ्या पट्टीशेजारी बघा, फट जरा जास्त दिसते. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर माझी चाळीस वर्षं झाळकामात, म्हणजे दागिन्यांचे सांधे जोडण्यात गेली. माझी नजर पहिली तिथेच जाते.

पण जाऊबाईंना त्याच्या आधीचंही सांगा. तो मुकुट मुळात हार होता, राणी व्हिक्टोरियाने १८९३ मध्ये नातसून मेरीला लग्नात दिलेला. मेरीनेच १९१९ मध्ये तो सुटा करून गॅरार्ड या जवाहिऱ्यांकडून हिऱ्यांच्या ४७ उभ्या पट्ट्यांचा मुकुट घडवून घेतला. पुढे तो सुनेकडे गेला, सुनेने लेकीला, म्हणजे एलिझाबेथला, लग्नापुरता दिला. मोडला म्हणून कुणी टाकला नाही. १९७३ मध्ये तिची लेक ॲन आणि २०२० मध्ये नात बिॲट्रिस तोच घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, मेरीनेही मोडूनच नवा केला की! केला, पण हिरा कोंदणातून निघाला तरी हिराच राहतो. पुतळीचं तसं नाही. तिची ओळख ठशात असते. पणजीच्या गळ्यात घासून घासून गुळगुळीत झालेली ती आकृती मुशीत गेली की संपली. उरतं ते फक्त वजन. म्हणून माझं स्पष्ट मत, आटवू नका.

कडी तुटली म्हणजे पुतळी गेली असं नव्हे. माळ उलटी करून बघा. कडीच्या बुडाशी राखाडी ठिपका दिसला तर तिथे पूर्वी कुणीतरी कथलाचा डाख दिलाय. तो आधी पुरता खरवडून काढायला सांगा, नाहीतर तापवताना सोनं पोखरलं जातं. नवी झाळ सोन्याचीच हवी. दोन कड्या तुटल्यात तर बाकीच्याही झिजल्या असणार, त्या बदलून घ्या आणि पटवेकऱ्याकडून माळ नव्या रेशमात गाठवून घ्या. माळ दुरुस्तीला देताना पुतळ्या मोजून वजन चिठ्ठीवर लिहून घ्यायला विसरू नका. हे काम दिवाळीच्या गर्दीआधी उरका, आणि माळ घरी आली की लेकीला दिवसभर घालून वावरू द्या.