कसली माफी मागायची?

पत्र: मुलगा सिव्हिलची पदवी घेऊन आठ महिन्यांपूर्वी पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या कंपनीत लागला. गेल्या महिन्यात एका पुलाच्या अहवालात ‘पाया सुस्थितीत’ असं लिहायला त्यानं नकार दिला, कारण नदीला पाणी होतं आणि पाया दिसलाच नव्हता. साहेब नाराज आहेत. सुरुवातीलाच वाद नको, माफी मागून टाक, असं मी त्याला सांगतोय. शिवाय नुसती बघण्याची कामं करून करिअर कसं होणार? त्याला एमपीएससीकडे वळवू का? – एक पालक

उत्तर: एमपीएससीचं नंतर बघू. आधी मला सांगा, कसली माफी? जे दिसलं नाही ते दिसलं असं लिहिलं नाही, याची? ऑफिसात बोलणी खाऊन आलेल्या पोराला घरीही तेच ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी तो निमूट सही करेल. मग दर वेळीच करेल.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो वाहतुकीला योग्य असल्याचं सांगितलं गेलं होतं. पुरानं पायाखालची वाळू खरवडून नेली तरी वरचं डांबर गुळगुळीतच दिसतं. म्हणून ‘पाया पाहता आला नाही, पाणी उतरल्यावर पुन्हा पाहावा’ ही ओळ अहवालात असायलाच हवी. तुमच्या मुलाला ती आठ महिन्यांत उमगली, याचा मला फार आनंद झाला.

आता ‘नुसतं बघणं’. काँक्रीटवर हातोडी मारली की भरीव असेल तर ते खणखणतं, आतून पापुद्रा सुटला असेल तर बद्द वाजतं. मडकं वाजवून घेतो ना, तसंच. हा कान तयार व्हायला वर्षं जातात. अमेरिकेत १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. सांध्याच्या आत जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग होती आणि सांधा सोडवल्याशिवाय ती दिसणं शक्य नव्हतं. त्यानंतर १९७१ मध्ये तिथं देशभरासाठी नियम झाले. तपासणीची मुदत ठरली, तशी तपासणाऱ्याची पात्रता आणि प्रशिक्षणही ठरलं. तरीही २००१ मधल्या एका सरकारी अभ्यासात ४९ अनुभवी निरीक्षकांनी त्याच त्या पुलांना दिलेल्या श्रेणींमध्ये मोठी तफावत निघाली. इतकं अवघड असतं हे बघणं! आपल्याकडे पदवीला पूल बांधायला शिकवतात, जुना पूल तपासायला फार थोडं. ते त्याला कामावरच शिकावं लागेल, एखाद्या मुरलेल्या माणसाच्या हाताखाली.

एमपीएससी, बांधकाम खात्याची किंवा रेल्वेची ज्युनियर इंजिनिअरची परीक्षा त्याला स्वतःला द्यावीशी वाटली तर द्यावी. रेल्वे मला जास्त आवडेल. तिथं पूल तपासणीची जुनी शिस्त आहे, आणि त्यांच्या सिव्हिल इंजिनिअरांची प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. कंपनीतच राहणार असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसची पूल तपासणीवरची एसपी ३५ ही मार्गदर्शिका त्यानं हाताशी ठेवावी.

आज रात्री जेवताना त्याला विचारा, त्या नदीचं पाणी कधी उतरतं? मग साहेबांना दोन ओळींचा ईमेल लिहायला सांगा: पाया का पाहता आला नाही, आणि पुन्हा कधी जाता येईल. पाठवण्याआधी तो तुम्हाला दाखवेल. वाचा आणि ‘पाठव’ म्हणा.