इन्क्वायरीच्या टेबलावरून पुढे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बेअरिंग, मोटर, पंप विकणाऱ्या कंपनीत फोन घ्यायचे, ग्राहकांच्या इन्क्वायऱ्यांना (चौकशांना) कोटेशन काढायची, डिस्पॅचच्या तारखा कळवायच्या, एवढंच काम हातात आहे आणि त्यातून पुढे रस्ता दिसत नाही, असं तू लिहिलंस. रस्ता आहे, आणि तो याच टेबलावरून सुरू होतो. इथे रोज येणाऱ्या अर्धवट इन्क्वायऱ्यांमधून जे शिकता येतं, ते पुढे फिल्डवर (ग्राहकांकडे फिरून विकायला) गेल्यावर शिकायला कुणी वेळ देत नाही.

एखादं उदाहरण घे. मेलमध्ये फक्त '६२०५ बेअरिंग, १० नग' असं येतं. आकड्यातले शेवटचे दोन अंक गुणिले ५, म्हणजे आतलं भोक २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. इतकं पाठ होईलच. पण दोन्ही बाजूंना रबरी सील हवं (२आरएस), पत्र्याची शील्ड हवी (झेडझेड), की उघडं? आणि त्यापुढे सी३ आहे का? सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. मोटर चालताना शाफ्टकडची रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा जास्त तापते, फुगते आणि मोकळीक खाऊन टाकते. सी३ लागणाऱ्या जागी साधं बेअरिंग गेलं तर ते गरम होऊन जाम होतं, आणि तक्रार येते 'तुमचा माल खराब' अशी. त्यामुळे भाव कळवण्याआधी विचारायचं: कुठल्या मशीनवर, किती आरपीएम (मिनिटाला फेरे), जुन्या बेअरिंगवर काय कोरलंय त्याचा फोटो पाठवाल का? या तीन प्रश्नांनी मेंटेनन्सच्या माणसाला कळतं की पलीकडे जाणती व्यक्ती बसली आहे. पुढच्या ब्रेकडाउनला तो कंपनीला नाही, तुला फोन करतो.

मोटरची नेमप्लेट वाचायला शीक. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकातली फ्रेम १३२ म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची १३२ मिमी. नेमा या अमेरिकन पद्धतीत पहिल्या दोन अंकांना ४ ने भागलं की तीच उंची इंचात येते. २५६ फ्रेमची ६.२५ इंच. ५० हर्ट्झवर चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) मोटर १५०० आरपीएमच्या जरा खाली, बहुधा १४४० च्या आसपास फिरते. जुनी मोटर काढून नवी बसवायची असते तेव्हा किलोवॅट जुळतात आणि माउंटिंग जुळत नाही. पायावर बसणारी बी३ हवी असताना फ्लँजची बी५ गेली, तर फिटर भोकं जुळवत बसतो आणि लाइन तोवर बंद.

पंपाच्या इन्क्वायरीवर सगळ्यात जास्त वेळ दे. तिथेच पैसा बुडतो आणि तिथेच नाव होतं. डिस्चार्ज (किती द्रव) आणि हेड (किती उंचीपर्यंत) सगळेच विचारतात. तू द्रव कोणता, तापमान किती, घनता किती, घट्टपणा किती, त्यात कण आहेत का, आणि सक्शनची (जिथून पंप द्रव ओढतो ती) टाकी पंपाच्या वर आहे की खाली, हेही विचार. पाण्यासाठी निवडलेल्या पंपातून १.२ घनतेचं खारं द्रावण जाऊ लागलं तर हेड तेवढंच राहतं, पण मोटरवरचा भार सुमारे १.२ पट होतो आणि ती ट्रिप होत राहते. सक्शनचा पाइप लांब, गाळणी तुंबलेली, द्रव गरम, असं असलं की पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत इम्पेलरला (आतल्या फिरत्या चाकाला) खड्डे पडतात. हे कॅव्हिटेशन, म्हणजे द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं. बदली पंप पाठवून ते थांबत नाही, दोष सक्शनमध्ये असतो. आणखी एक: प्रोसेसवाल्याने गरजेच्या आकड्यावर १० टक्के वाढवले, सल्लागाराने वर १०, परचेसने वर आणखी १०, झाले ३३ टक्के. एवढा मोठा पंप पुढे व्हॉल्व्ह आवळून चालवावा लागतो आणि वीज जळत राहते. 'मुळात लागतं किती?' हा प्रश्न विचारायला कचरू नकोस. लहान पंप विकून मिळवलेला विश्वास मोठ्या पंपाच्या बिलापेक्षा जास्त ऑर्डरी आणतो, असं माझं ठाम मत आहे.

ऑर्डर आली की आनंदात लगेच फॉरवर्ड करू नकोस. पीओ (ग्राहकाची लेखी खरेदी ऑर्डर) आणि कोटेशन शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ: मटेरियल, नग, डिलिव्हरीची जागा, वाहतूक कुणाकडे, पेमेंटची मुदत, उशिराबद्दलचा दंड. दंडाचं कलम बहुतेक वेळा मागच्या पानावर छापील असतं. ते न वाचता ऑर्डर स्वीकारली तर ते तुमच्यावर बंधनकारक होऊ शकतं. फरक दिसला की त्याच दिवशी लेखी कळव.

आता पैशाचं. माल ८० ला घेऊन १०० ला विकला तर मार्कअप (खरेदीवर नफा) २५ टक्के, पण मार्जिन (विक्रीवर नफा) २०. मीटिंगमध्ये हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले जातात आणि तिथेच घोळ होतात. मार्जिन २५ टक्के असताना ५ टक्के सूट दिली, तर तेवढाच नफा राखायला विकलेले नग २५ टक्क्यांनी वाढवावे लागतात. ३० दिवसांच्या उधारीचे ९० दिवस केले आणि भांडवलावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर जवळजवळ २ टक्के नुसते उधारीत जातात. प्रत्येक कोटेशनखाली हा हिशेब स्वतःपुरता मांडत जा. बॉसकडे 'सूट द्या' म्हणत जाणारे खूप असतात. 'सूट ३ टक्के, पण पेमेंट ३० दिवसांत, आपले इतके उरतात' असं सांगणारी मुलगी लगेच नजरेत भरते.

इथून पुढचं जरा नीट वाच. हुशार, मनमिळाऊ बाईला या क्षेत्रात 'कोऑर्डिनेशन'ची जागा फार पटकन देऊ करतात. पद वाढतं, पगारही थोडा वाढतो, आणि तुझ्या नावावर विक्रीचा एकही आकडा नसतो. वर जाणाऱ्यांची यादी काढताना आकडे बघतात. म्हणून नवी जागा स्वीकारण्याआधी विचार: माझ्या नावावर टार्गेट किती? किती टक्क्यांपर्यंत सूट मी कुणाला न विचारता देऊ शकते? वसुली कुणाकडे? सूट द्यायचा अधिकार नसेल तर व्हिजिटिंग कार्डावरच्या 'मॅनेजर'ला फारसा अर्थ नाही. फिल्डची जागा मागताना इच्छा सांगू नकोस, कागद ने: तू सांभाळलेले ग्राहक, त्यांची उलाढाल, मार्जिन, आणि तुझ्यामुळे परत आलेली खाती. मोठा एरिया लगेच देणार नाहीत. मग झोपलेली खाती माग, ज्यांच्याकडून वर्षभर ऑर्डर नाही. ती द्यायला कुणाची हरकत नसते, आणि वाढ झाली तर ती निर्विवाद तुझी असते.

प्लांटमध्ये जाताना सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल स्वतःच्या मापाचे स्वतःजवळ ठेव. गेटवर मिळणारे बूट बहुधा मोठे असतात आणि मोठ्या बुटांनी जिन्यावर पाय घसरतो. तांत्रिक प्रश्न तुला सोडून तुझ्याबरोबरच्या पुरुष सहकाऱ्याला विचारले जातील. त्याच्याशी आधीच ठरवून घे, की त्याने उत्तर न देता 'हे त्या सांगतील' एवढंच म्हणायचं. दोनतीन भेटींत प्रश्न सरळ तुझ्याकडे येऊ लागतात. मीटिंगचे मुद्दे लिहून घेण्याचं काम दर वेळी तुझ्याकडे येत असेल तर पाळी लावायला सांग, शांतपणे आणि सगळ्यांसमोर. ग्राहकाकडून कुणी वावगं वागलं तर तारीख, वेळ, शब्द लिहून त्याच दिवशी वर कळव. ऑर्डर कितीही मोठी असो, ते सहन करणं तुझ्या कामात बसत नाही. उद्या टीम तुझ्या हाताखाली असेल तेव्हा हा नियम पहिल्या दिवशी सांगून टाक.

टीम हातात आल्यावर दोन गोष्टी अवघड जातात. एक, चांगली खाती सोडून देणं. स्वतःकडे ठेवलीस तर तू पदावर असलेली सेल्समनच राहतेस. दुसरी, बरोबर नेलेला ज्युनिअर अडखळला की मध्ये न बोलणं. चूक भाव किंवा धोक्याची असेल तरच बोल, बाकीचं गाडीत बसल्यावर. आणि महिनाअखेरीचा अंदाज मागताना 'होईल का?' असं विचारू नकोस. बजेट मंजूर आहे का, ड्रॉइंग पास झालं का, सही कुणाची, कोणत्या तारखेला, हे विचार. या चारांपैकी दोनांची उत्तरं नसतील तर ती ऑर्डर या महिन्यात धरू नकोस.

बाळंतपणाची किंवा दुसरी लांब रजा घेताना प्रत्येक खात्याचं एक पान कर: कोण ठरवतं, कोण अडवतं, चालू कोटेशन, थकबाकी, दिलेला शब्द. खाती कुणाकडे, कमिशन कसं वाटायचं आणि कोणत्या तारखेला ती परत तुझ्याकडे, हे रजेआधी मेलवर मंजूर करून घे. तोंडी ठरलेलं असेल तर परत आल्यावर खाती दुसऱ्याची झालेली दिसतात, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. ग्राहकाला नव्या माणसाची सवय झालेली असते.

सध्या एक काम कर. गेल्या तीन महिन्यांत हातची गेलेली कोटेशनं काढ आणि प्रत्येकापुढे कारण लिहून मला पाठव. 'भाव जास्त' एवढंच लिहू नकोस. किती जास्त, कुणाच्या तुलनेत, की मुळात आपलं कोटेशन दोन दिवस उशिरा पोचलं होतं, हे परचेसला आणि मेंटेनन्सला वेगवेगळं विचार. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, दोन्ही लिही.

तुझी,
ताई