गोव्यात डिचोलीतल्या आमच्या विहिरीचं पाणी लालसर आहे. उकळलं तर त्यातले जड धातू जातात का?

नाही, उकळून धातू जात नाहीत; उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. उकळल्याने मरतात ते जंतू. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिथे हा गैरसमज रोज भेटतो. लाल रंग बहुधा लोखंडाचा असतो, आणि डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात तो नवलाचा नाही. खरी काळजी शिसं, कॅडमियम, आर्सेनिकची, कारण त्यांना ना रंग, ना चव. शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण दाखवतो, त्यात कुठला धातू आहे ते सांगत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये 'आयसीपी-एमएस' किंवा 'एएएस' ही एकेका धातूचं प्रमाण मोजणारी चाचणी मागा, आणि नमुन्याची बाटली लॅबकडूनच घ्या. मात्र एका नमुन्यावर निश्चिंत होऊ नका: एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात पाणी द्या, कारण विहिरीची पातळी बदलली की आकडेही बदलतात. घरात लहान मूल असेल तर अहवाल येईपर्यंत प्यायला आणि रांधायला दुसरं पाणी वापरा.